पुणेकरांचे सहलवर्ष

पुण्याहून सकाळी निघून रात्री परत येता येईल अशा सहलींचे वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि मे महिन्यात संपते. याचे कारण भौगोलिक आहे. शहराच्या पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आहे. तिथे कोसळणाऱ्या पावसाचा लहानसा हिस्साच पुण्याच्या वाट्याला येतो, म्हणजे वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर. सुमारे ६५ किलोमीटरवरच्या लोणावळ्यात त्याच्या कित्येक पट पडतो. पूर्वेला शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर हे कमी पावसाचे तालुके. म्हणून पावसात पश्चिमेला जावे, थंडीत पूर्वेला जावे आणि उन्हाळ्यात पहाटे जावे, एवढ्यात या विषयाचे सारे शास्त्र आटोपते. अडचण एकच आहे. निसर्ग आपले मुहूर्त पावसावरून काढतो आणि सहलकर्ते रविवारवरून.

वार्षिक नियोजन जूनच्या पहिल्या आठवड्यात, एखाद्याच्या दिवाणखान्यात, पोह्यांच्या साक्षीने होते. त्यातून बारा महिन्यांचा तक्ता निघतो आणि 'भटके' किंवा तत्सम नावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो. ग्रुपमध्ये सामान्यतः चार प्रकारचे सदस्य आढळतात. पहिला तक्ता करतो. दुसरा त्यावर लगेच अंगठा दाखवतो आणि वर्षभर येत नाही. तिसरा प्रत्येक ठिकाणी पंचवीस वर्षांपूर्वी जाऊन आलेला असतो व तेव्हा तिथे कोणी नव्हते, असे सांगतो. चौथी एखादी मावशी असते. गुडघे दुखतात म्हणून ती आधी नकार देते, मग आग्रहाखातर येते आणि सर्वांच्या आधी माथ्यावर पोचते. निघण्याची वेळ 'सहा म्हणजे सहा' अशी दोनदा उच्चारून ठरते. यातला पहिला सहा उठण्याचा आणि दुसरा अंघोळीचा असतो, हे अनुभवाने कळते.

सरावासाठी शहरातच टेकड्या आहेत. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी येथे पायवाटा आहेत. टेकडीवर खर्च झालेली शक्ती खाली उतरल्याबरोबर इडली, वडा सांबार आणि अमृततुल्य चहा यांच्या साहाय्याने भरून काढतात. त्यामुळे सराव कितीही वर्षे केला तरी वजनात फरक पडत नाही.

वर्षातली पहिली सहल बहुधा वारीची असते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून आणि तुकाराम महाराजांची देहूहून निघते. पुण्यातल्या मुक्कामानंतर ज्ञानोबांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. ही सुमारे तीस किलोमीटरची चाल पुणेकर 'एक दिवस वारी' म्हणून चालतात. तिची तिथी पंचांगाने ठरत असल्याने ती रविवारी येईलच असे नाही; त्या दिवशी शहरातल्या बऱ्याच कचेऱ्यांत पोटदुखीची साथ येते. मात्र निघण्याची वेळ ग्रुपच्या हाती नसल्यामुळे ही वर्षातली वेळेवर निघणारी एकमेव सहल ठरते. वाटेत केळी, राजगिऱ्याचे लाडू, चहा आणि साबुदाण्याची खिचडी इतक्या आग्रहाने मिळते की चालण्यापेक्षा खाण्यानेच दम लागतो. घाटात नव्या बुटांनी हैराण झालेला तरुण कडेला बसतो आणि डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजी त्याला "चला माउली" म्हणून पुढे निघून जातात. सासवडहून बसने परत येताना ग्रुपमध्ये वारी केल्याचे जाहीर होते. वारकऱ्यांचे त्या वेळी पंढरपूरपर्यंत सुमारे दोन आठवडे चालणे उरलेले असते.

जुलै आणि ऑगस्ट हे गर्दीचे महिने. सिंहगडाची उंची सुमारे १३०० मीटर आहे. जाण्याचे नेहमीचे मार्ग दोन, आतकरवाडीतून पायवाट आणि मोटारींसाठी घाटरस्ता. घाटात दरड कोसळली की रस्ता बंद होतो आणि दरड नसली की मोटारींनी बंद होतो. तानाजी मालुसरे आणि त्यांच्या मावळ्यांनी १६७० च्या फेब्रुवारीत हा गड एका रात्रीत घेतला. जुलैतल्या रविवारी मोटारीने तो दुपारपर्यंतही हाती येत नाही. वर पिठलं-भाकरी, कांदाभजी, वांग्याचं भरीत आणि मडक्यातलं दही मिळते. गडावर तानाजींची समाधी, कल्याण दरवाजा, देवटाके आणि लोकमान्य टिळकांचा बंगला ही ठिकाणे आहेत. परंतु गडावर काय पाहिले या प्रश्नाचे उत्तर पावसाळ्यात 'धुके' आणि उरलेल्या वर्षात 'भजी' असेच मिळते.

लोणावळ्याचा भुशी डॅम ब्रिटिश काळात रेल्वेला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. तो भरला की सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी वाहते आणि त्या पायऱ्यांवर बसायला दोन शहरांतून माणसे येतात. पाण्याचा जोर अचानक वाढून इथे जीव गेले आहेत. त्यामुळे पावसाळ्यात प्रशासनाचे मनाईचे आदेश निघतात, आणि ते वाचून जायचे कुठे याचा नव्याने विचार करावा. ताम्हिणी घाट हा मुळशीमार्गे जाणारा पर्याय आहे. येथे धबधबे रस्त्यालगत असल्याने गाडीतून न उतरता भिजता येते. कणीस भाजून देणाऱ्याजवळ सर्व गाड्या थांबतात. लिंबू-तिखट-मीठ लावलेले कणीस हातात आले की धबधब्याकडे पाठ करून फोटो काढतात.

सप्टेंबरमध्ये कास पठाराची पाळी येते. साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवरचे हे पठार २०१२ पासून पश्चिम घाटासह जागतिक वारसा यादीत आहे. जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असल्याने येथे मोठी झाडे फारशी वाढत नाहीत आणि सोनकी, तेरडा, सीतेची आसवे, गेंद अशी बुटकी फुले पाऊस ओसरताना एकामागून एक येतात. रोजच्या पर्यटकांची संख्या ठरलेली असून आगाऊ नोंदणी करावी लागते. ती ग्रुपमध्ये करायची कोणी, यावर चर्चा होईतो रविवार भरून जातो. मग मंगळवार मिळतो, आणि मंगळवारी कोणालाच जमत नाही. नोंदणी जमली तरी फुले ऊनपावसाचा हिशेब बघून येतात. टोपली कारवीने तर सहलकर्त्यांची फारच परीक्षा घेतली आहे. ती सात वर्षांतून एकदा फुलते. एवढे करून आलेला प्रवासी नखाएवढ्या फुलासमोर स्वतःचा चेहरा धरून छायाचित्र घेतो आणि फूल त्यात येत नाही.

दिवाळीच्या आगेमागे डोंगर हिरवे आणि वाटा कोरड्या असतात, म्हणून हा किल्ल्यांचा काळ. मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना २०२५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्यांपैकी शिवनेरी, लोहगड आणि राजगड हे तीन पुणे जिल्ह्यात आहेत. सिंहगड त्या यादीत नाही, ही गोष्ट पुण्यात अजून सर्वांनी मान्य केलेली नाही. लोहगडाला पायऱ्या असल्याने तिथे कुटुंबे जातात. राजगडाचा बालेकिल्ला चढताना रेलिंग धरावे लागते, त्यामुळे तिथे ग्रुपमधले निम्मे सदस्य पद्मावती माचीवर 'सामान सांभाळायला' थांबतात. सामानात डबे असतात. बालेकिल्ल्यावरून मंडळी परत येईपर्यंत ते बरेच हलके झालेले असतात.

डिसेंबर ते फेब्रुवारी सहलींची दिशा बदलते. सोलापूर रस्त्यावर सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवणजवळ उजनी धरणाचे पाणी पसरलेले आहे. तिथे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. रोहित उथळ पाण्यातल्या चिखलात चोच घालून चरतो. म्हणून धरणाचे पाणी उतरून दलदल उघडी पडेपर्यंत त्याचे येणे लांबते. चांगल्या पावसाच्या वर्षी पाणी जास्त दिवस टिकते आणि पक्षी उशिरा येतात, पण ग्रुपचा तक्ता जूनमध्येच झालेला असतो. कुंभारगाव, डिकसळ येथील मच्छीमार होड्यांतून पक्षी दाखवतात. सूर्योदयाला तिथे असायचे तर पुण्याहून चारला निघावे लागते. अकराला पोचलेल्या ग्रुपला दूरवर एक गुलाबी रेघ दिसते. नावाडी ती रोहितांची असल्याची खात्री देतो. त्यानंतर चिलापी तळून मिळते, आणि परतीच्या वाटेवर चर्चा पक्ष्यांऐवजी माशाचीच होते.

याच दिवसांत हुरडा असतो. ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजून, गरम असतानाच हातावर चोळून दाणे काढतात. सोबत लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही, बोरे आणि ऊस. दाणा दुधात भरलेला पण अजून टणक न झालेला असण्याचा काळ मोजक्या दिवसांचा असतो. पूर्वी शेतकरी निरोप धाडी आणि पाहुणे निघत. आता हुरडा पार्ट्यांची शेते टप्प्याटप्प्याने पेरतात, म्हणजे प्रत्येक रविवारी कुठला तरी वाफा हुरड्यात आलेला असतो. निसर्गाने रविवारपुढे हात टेकल्याचे वर्षातले हे एकच उदाहरण. पार्टीत बैलगाडीची फेरीही असते; मुले तिच्यात पाच मिनिटे बसतात आणि फोनला रेंज आहे का, ते पाहतात.

तक्त्यात मार्च-एप्रिलचा मजकूर थोडा असतो. पळस, पांगारा, काटेसावर फुललेली असतात आणि सासवडकडे अंजीर निघालेले असते. सुपे येथील मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा हरणे दिसतात. तिथे सकाळी सातनंतर ऊन आणि नऊनंतर सहलप्रमुखाचा उत्साह असह्य होतो. परीक्षा संपल्या की निम्मा ग्रुप कोकणात आपापल्या गावी जातो आणि तिथून फणसाची छायाचित्रे पाठवतो.

मेअखेर आणि मृगाच्या तोंडावर काजवे येतात. पावसाची चाहूल लागली की राजमाची, भीमाशंकर, भंडारदरा या भागांत हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत लुकलुकतात. नरांची ही जोडीदारासाठीची खूण असते आणि तिला अंधार लागतो. गाड्यांच्या दिव्यांनी व बॅटऱ्यांनी तिच्यात व्यत्यय येतो. जोरदार पाऊस सुरू झाला की हंगाम संपतो, त्यामुळे उरलेल्या एक-दोन रविवारी तिथे सर्व जण एकाच रात्री पोचतात. काजवे पाहायचे असतील तर दिवे बंद ठेवा, असे तिथे एक माणूस प्रत्येक गाडीजवळ जाऊन सांगतो. सांगताना तो मोबाइलची बॅटरी लावून गाडीत किती जण आहेत, तेही मोजतो.