पासिंग

आमची आल्टो आजवर एकाही तपासणीत नापास झालेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. तिच्यापाशी स्वतःचं असं फारसं काही नसताना झालेली नाही, हे त्यातलं विशेष.

२००९ च्या दसऱ्याला मी शिरूरला आणि आमच्या साडूभाऊंनी दौंडला, एकाच दिवशी पांढरी आल्टो घेतली. बहिणी-बहिणींत पुढे कटकट नको म्हणून रंगसुद्धा एकच. आमच्या गाडीला पुण्याचा एमएच १२ नंबर मिळाला. दौंड बारामतीच्या आरटीओखाली येतं, म्हणून त्यांच्या गाडीला एमएच ४२. दोन सख्ख्या बहिणींच्या गाड्या दोन वेगवेगळ्या बोर्डांच्या परीक्षेला बसल्या.

आपल्याकडे पांढऱ्या पाटीच्या गाडीला सरकार पंधरा वर्षं फक्त धूर विचारतं. हीच गाडी पिवळ्या पाटीवर असती तर आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंगला न्यावी लागली असती. इंग्लंडातला आमचा पुतण्या तर सांगतो, तिकडे गाडीला तीन वर्षं झाली की दरवर्षी तपासणी, आणि टायरच्या नक्षीची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की नापास. आमच्या टायरांची नक्षी मोजायला आधी ती सापडायला हवी.

धुराचं मात्र दर सहा महिन्यांनी असतं. गाडी बीएस-थ्री, त्यामुळे नव्या गाड्यांसारखी वर्षाची मुदत तिला नाही. पीयूसीवाला पोरगा सायलेन्सरमध्ये नळी घालतो, "काका, जरा रेस द्या" म्हणतो आणि मशीनकडे न बघता मोबाईलकडे बघतो. कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्या आत लागतो. आमचा ०.४७ येतो. काठावर पास होण्याची आमच्या घराण्याची रीत गाडीनंही उचलली आहे.

पंधरा वर्षं अशी धुरात गेली आणि २०२४ चा सप्टेंबर आला. आता आरसीचं नूतनीकरण, म्हणजे खरंखुरं पासिंग. फी पाच हजार. २०२२ च्या एप्रिलपर्यंत हेच काम सहाशे रुपयांत होत होतं, ही माहिती मला जो भेटला त्यानं दिली. गॅरेजवाल्या मेस्त्रींनी गाडीभोवती एक चक्कर मारली, डिकी उघडली आणि स्टेपनीवर हात फिरवून म्हणाले, "ह्याच्यात तार दिसायला लागलीय. पासिंगला चांगली स्टेपनी लागंल, त्रिकोण लागंल, औषधाची पेटी लागंल. जॅक कुठाय?"

जॅक २०१६ साली एका लग्नात मांडवाच्या खांबाखाली लावला होता. तो तिथंच राहिला.

"दौंडला सगळं आहे," ही आतून म्हणाली.

दौंडला सगळं असतंच. साडूभाऊ रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांची गाडी ऑगस्टमध्येच बारामतीत पास झाली होती, तीही अगदी नव्या स्टेपनीसह. तेव्हा स्टेपनी आणायला मी रविवारी सकाळी निघालो. स्टेपनी आणायच्या प्रवासात स्टेपनीच नसते, ही गोष्ट शिरूरमधून बाहेर पडल्यावर ध्यानात आली. मग न्हावऱ्यापर्यंत मी गाडी चालवली नाही, नुसती समजूत घातली.

न्हावऱ्याच्या बाजूला इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी तिथं १९६८ पासून बारा हंगाम खोदकाम केलं. त्यात मातीच्या चार पायांच्या रांजणात, गुडघे दुमडून बसवून पुरलेला एक माणूस सापडला, तीनेक हजार वर्षांपूर्वीचा. अभ्यासकांना त्याचं फार नवल वाटलं. आल्टोत मागच्या सीटवर तिसरा बसून शिरूर ते दौंड प्रवास केलेल्या कुणाही माणसाला ती बैठक ओळखीची वाटेल. चार पायसुद्धा जुळतात.

पुढे दोन्ही बाजूंना ऊस, मग पारगावला भीमेवरचा पूल, केडगाव, चौफुला. चौफुल्याला सोलापूर रस्त्यावर चढलो की आपली गाडी किती लहान आहे हे प्रत्येक ट्रक शेजारून जाताना सांगून जातो. पाटसला चहा घेतला तो खरं म्हणजे टायर बघायला. चहा ठीक होता.

दौंडला पूर्वी मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. आता कॉर्ड लाईन झाली आहे, पण साडूभाऊंचा स्वभाव जुन्या यार्डातलाच. कुठलीही गोष्ट आली की उलटी फिरवून, तपासून मगच पुढे सोडायची. त्यांनी एक वही काढली. तीत तारीखवार लिहिलं होतं: स्टेपनी एक, जॅक एक, पाना एक, लाल त्रिकोण एक, प्रथमोपचार पेटी एक. पेटीत दोन पट्ट्या, कापूस आणि बडीशेपेची पुडी. हा सगळा 'सेट' याआधी कुरकुंभच्या भाच्याकडे आणि पाटसच्या व्याह्यांकडे जाऊन पास होऊन आला होता.

"सही करा, पाव्हणं," ते म्हणाले. "आन परत आणताना स्टेपनीला चिखल नको."

"वापरायची नाहीये हो, नुसती दाखवायचीय."

"तेच म्हंतोय मी."

जेवणात चार वाजले. परतताना पारगावचा पूल ओलांडला आणि डावं पुढचं टायर बसलं. दिवस कलला होता, दोन्ही बाजूंना डोक्यावर गेलेला ऊस, आणि शिरूर तालुक्यातल्या माणसाला उसात काय असतं ते सांगावं लागत नाही. मी नट काढताना मोठमोठ्यानं मोबाईलवर गाणी लावली. एक मोटारसायकलवाला थांबला, टॉर्च धरली आणि म्हणाला, "गाणी बंद करा काका, आवाज आला तर ऐकू यायला पाहिजे." कशाचा आवाज, ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आयुष्यात इतक्या वेगानं मी चाक बदललेलं नाही.

त्यामुळे मंगळवारी पासिंगला गेलो तेव्हा साडूभाऊंची नवी स्टेपनी गाडीखाली फिरत होती आणि डिकीत फुटकं टायर, तारेसकट. मी घामाघूम. साहेबांनी हेडलाईट बघितला, इंडिकेटर, वायपर, हॉर्न. मग बॉनेट उघडायला सांगितलं. तिथून पुढची वीस मिनिटं गंजलेल्या चेसी नंबरवर गेली. एजंटाच्या पोरानं रॉकेलचा बोळा फिरवला, वर कागद ठेवून पेन्सिल घासली, एक आकडा तीन आहे की आठ यावर चौघांचं एकमत झालं. साहेब पुढच्या गाडीकडे गेले.

"डिकी?" मी विचारलं.

"कशाला?" पोरगा म्हणाला.

त्रिकोण कुणी पाहिला नाही, पेटी कुणी उघडली नाही. बडीशेप मीच खाल्ली.

आरसी आता सप्टेंबर २०२९ पर्यंत चालू आहे. सेट अजून माझ्याकडे आहे, वहीत तशी नोंद आहे आणि साडूभाऊंचे फोन येताहेत. कुणाची जुनी आल्टो पासिंगला जायची असेल तर शिरूरला येऊन घेऊन जावा. सही लागेल. स्टेपनीवर थोडा चिखल आहे आणि बडीशेप ज्याची त्यानं आणावी.