वाऱ्याला वळण

गोव्यातल्या मोरजीत वाऱ्याची टंचाई कुणी कधी ऐकलेली नाही. शाळेच्या भूगोलात घोकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे न चुकता कामावर हजर होतात. दिवसा समुद्राकडून गावात, रात्री गावाकडून समुद्रात. शापोरा नदीच्या मुखातून होड्या काढणाऱ्यांनी या वेळापत्रकावर पिढ्यान् पिढ्या संसार केले. आता त्याच किनाऱ्यावर जी हॉटेले उभी राहतात, ती समुद्राकडे तोंड करतात आणि तोंडावर जाड काच बसवून घेतात. काचेतून समुद्र दिसतो. हवा मात्र मागच्या बाजूने, स्वयंपाकघराच्या छपरावरून वळसा घेत, पत्र्याच्या चौकोनी बोगद्यातून आत येते. समोर उभा असलेला पाहुणा दारातून घ्यायचा नाही आणि मागच्या गल्लीतून दुसऱ्याला पैसे देऊन बोलवायचे, असा हा शिष्टाचार.

माझी त्याबद्दल तक्रार नाही. मे महिन्याच्या दुपारी, पाऊस तोंडावर आलेला असताना, ज्याने पेडण्याच्या बाजारात उभे राहून मासळी घेतली आहे, तो एसीविरुद्ध चळवळ करणार नाही. उलट मला त्या पत्र्याच्या बोगद्याविषयी, म्हणजे डक्टविषयी, जरा माया आहे. यंत्राला कंपनीचे नाव असते, वरती तारे चिकटवलेले असतात, रिमोट असतो. डक्टला काहीच नसते. तो नीट चालला तर कुणाला त्याची आठवण होत नाही, आणि बिघडला की सगळे एकदम छताकडे बघतात. त्याचा इतिहास शोधू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. या नळीचा जवळजवळ प्रत्येक भाग कुणाच्या तरी कुरकुरीतून जन्मला आहे.

अपवाद एकच, पण तो माणसाचा नाही. हवेला वळण लावणाऱ्या पहिल्या कारागिराचे बांधकाम आमच्याकडे देवळात पुजतात. गोव्यात गावोगाव सातेरी देवी आहे, आणि सातेरीचे मूळ रूप म्हणजे वारूळ, कोकणीतली रोयण. हळदकुंकू वाहणाऱ्यांनी वारुळाच्या आत काय चालते याची चौकशी केली नाही, हे बरेच झाले. कारण चौकशी करणाऱ्यांची फार धांदल उडाली. मार्टिन ल्युशर या शास्त्रज्ञाने १९६१ साली लिहिले की वाळवीच्या वसाहतीतली गरम हवा वर चढते, भिंतीतल्या बारीक नळ्यांतून खाली उतरते आणि वारूळ आपोआप वातानुकूलित राहते. पुढे मिक पिअर्स या वास्तुकाराने झिंबाब्वेत हरारे शहरी ईस्टगेट नावाची मोठी इमारत अशाच धर्तीवर उभारली. १९९६ पासून ती नेहमीच्या एसीवाचून चालते. रात्रीची गार हवा पंख्यांनी काँक्रीटच्या पोकळ्यांत फिरवायची, तो गारवा दिवसा वापरायचा आणि तापलेली हवा धुराड्यांतून सोडून द्यायची, अशी तिची रीत. मग २००८ साली स्कॉट टर्नर आणि रूपर्ट सोअर या दोघांनी सांगितले की वारूळ मुळात असे चालतच नाही. बाहेरच्या वाऱ्याच्या झुळुकांवर ते फुप्फुसासारखे आतबाहेर करते, आणि आतले तापमान बरेचसे आजूबाजूच्या जमिनीवर ठरते. म्हणजे समजूत चुकली आणि इमारत मात्र बरोबर निघाली. आमच्याकडे याला देवीची कृपा म्हणतात.

माणसाच्या डक्टचे पहिले नीट चित्र सापडते ते खाणीत. गेओर्ग आग्रिकोला या जर्मन पंडिताचा खाणकामावरचा लॅटिन ग्रंथ १५५६ साली बाझेलला छापला गेला. त्यात लाकडी नळ्या आहेत, भाते आहेत, आणि एक पिंप आहे. पिंपाला एका बाजूला खिडकी आणि वर एक पंख. वारा फिरला की पंख पिंपाला फिरवतो, खिडकी वाऱ्यासमोर येते आणि वारा सरळ खाणीच्या तळाशी उतरतो. वीज नाही, पगार नाही. याच १५५६ साली गोव्यात, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात, भारतातला पहिला छापखाना आला, पण त्याने हवेचा विषय घेतला नाही. बाझेल शहराचा मात्र आमच्या हवेशी संबंध पुन्हा आला. तिथल्याच मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला. जी कौले आज पेडण्यापासून डिचोलीपर्यंत घराघरावर आहेत, त्यांच्या फटींतून माजघरातली गरम हवा आणि चुलीचा धूर कुणाला न विचारता निघून जातो. डिचोलीच्या खाणींना आग्रिकोलाच्या पिंपाची गरजच पडली नाही. त्या उघड्या आभाळाखालच्या. तिथे माणसांना हवा पोहोचवावी लागली नाही, धूळच स्वतःहून घरपोच येत असे.

पण डक्टला खरे शिक्षण मिळाले ते लंडनच्या पार्लमेंटात. जिथे माणसे दाटीने बसून तासन् तास बोलतात तिथे हवेचा प्रश्न आधी उभा राहणारच. १७२३ साली देझागुलिए नावाच्या विद्वानाने हाऊस ऑफ कॉमन्सच्या वर शेगड्या पेटवून तापलेली हवा वर ओढून घ्यायची योजना केली. शास्त्र अचूक होते. अडचण होती मिसेस स्मिथ या व्यवस्थापक बाईंची. वरच्या खोल्या त्यांच्या ताब्यात होत्या आणि ही लुडबूड त्यांना खपत नव्हती. त्या शेगड्या पेटवत, पण सभा भरून बराच वेळ झाल्यावर. तोवर खाली सभासद उकडून निघालेले. मग १७३६ साली हातानेच फिरवायचा मोठा पंखा बसवला आणि तो फिरवणाऱ्या माणसालाच व्हेंटिलेटर म्हणू लागले. आमच्याकडे कुठलीही योजना मंत्रालयात मंजूर होते आणि शिपायापाशी अडते. तीनशे वर्षांपूर्वी लंडनलाही हेच होते हे वाचून मला फार समाधान वाटले.

पुढे १८३४ साली पार्लमेंट जळाले. डेव्हिड बॉसवेल रीड नावाच्या स्कॉटिश रसायनतज्ज्ञाने तात्पुरत्या सभागृहात १८३६ साली जमिनीला लाखो बारीक भोके पाडली, वर घोड्याच्या केसांचा गालिचा अंथरला आणि खालून हवा सोडली. हवा आली. तिच्याबरोबर सभासदांच्या बुटांची धूळही वर आली. अर्ध्यांना थंडी वाजे, अर्ध्यांना उकडे, आणि दोघेही रीडला दूषणे देत. पार्लमेंटचा नवा राजवाडा बांधताना रीडचे वास्तुकार चार्ल्स बॅरीशी वाजले. रीडला हवेसाठी मोठी धुराडी हवीत, बॅरीला तीच जागा शोभेसाठी हवी. भांडण इतके विकोपाला गेले की लॉर्डांच्या सभागृहाची हवा बॅरीकडे सोपवली आणि रीडकडे कॉमन्स राहिले, आणि १८५२ साली रीडला घरी पाठवले. आज पर्यटक ज्या मधल्या मनोऱ्याचे फोटो काढतात तो रीडने हवेसाठी मागून घेतलेला आहे. हे भांडण अजून मिटलेले नाही. मोरजीत बांधकाम चालू असलेल्या कुठल्याही हॉटेलात जा. डक्टवाला म्हणतो, बीमखालून जागा द्या. आर्किटेक्ट म्हणतो, छत खाली येईल. आणि मालक फोनवर असतो.

यानंतरचा इतिहास झपाट्याने पुढे जातो आणि आपल्याकडेही येतो. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेल्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये हवेला ओलावा देणारी यंत्रे बसवली, कारण वैदर्भी उन्हाळ्यात सूत तुटते. विलिस कॅरियरने १९०२ साली ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी पहिली आधुनिक वातानुकूलन यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगतो आणि रंग सरकतात. आधी सूत, मग कागद. माणसाचा नंबर त्यानंतर लागला. मुंबईचे रीगल १९३३ साली उघडले आणि देशातले पहिले वातानुकूलित चित्रपटगृह म्हणून आजही त्याचेच नाव घेतले जाते. १९३४ साली फ्रंटियर मेलच्या खास डब्याखाली बर्फाच्या लाद्या ठेवत, त्यांच्यावरून पंख्याने हवा फिरवून आत सोडत, आणि वाटेतल्या स्टेशनांवर बर्फ बदलत. प्रवासी पेशावरला पोहोचेपर्यंत किती बर्फाचे पाणी झाले असेल, देव जाणे.

खरी कारागिरी मात्र पत्र्यात आहे, आणि ती समजून घ्यायला ग्रंथापेक्षा फिटर बरा. डिचोलीकडून आलेला एक फिटर एका रेस्टॉरंटच्या गच्चीवर काम करताना माझ्याशी बोलला. मी त्याला विचारले, "भाऊ, या पत्र्यावर फुलीच्या आकाराची घडी कशाला?" तो म्हणाला, "नायतर वाजतो, बाब. सपाट पत्रा वारा लागला की ढबढबतो. फुली मारली की गप्प बसतो." आणि मग त्याने एकेक भाग दाखवला. पत्र्याच्या दोन कडा वेल्डिंग न करता एकमेकींत अडकवतात ती चवथीच्या नेवरीला घालतात तशी मुरड. तिला पिट्सबर्ग लॉक म्हणतात आणि अमेरिकेतल्या पोलादनगरीचे ते नाव आमच्या फिटरच्या तोंडी अगदी घरचे आहे. कोपऱ्यात आत वळलेल्या पट्ट्या असतात, कारण हवेला काटकोन मानवत नाही. ती भिंतीवर आपटते, भोवरे करते आणि पंख्याची बरीच मेहनत वाया घालवते. पंख्याजवळ कॅनव्हासची बाही, म्हणजे यंत्राची थरथर पाहुण्याच्या पलंगापर्यंत जाऊ नये. फांदीच्या तोंडाशी डॅम्पर, म्हणजे एका खोलीत हिमालय आणि दुसरीत राजस्थान होऊ नये. आगीसाठी वेगळा डॅम्पर, त्याला सुमारे ७२ अंशांना वितळणारी दुवा-पट्टी. ती वितळली की झडप पडते आणि आग पुढच्या मजल्यावर जात नाही. मला तरी हा शेवटचा भाग कॅरियरच्या यंत्रापेक्षा मोठा शोध वाटतो. स्वतःला संपवून माणूस वाचवणारा भाग इतर किती यंत्रांत असतो?

पत्रा गंजू नये म्हणून त्यावर जस्त चढवण्याचे पेटंट फ्रान्समध्ये १८३७ साली सोरेल नावाच्या माणसाने घेतले. भारतात डक्टच्या पत्र्याचे मानक म्हणजे आयएस ६५५. त्याप्रमाणे पत्र्याची जाडी ठरते. मोरजीचा समुद्र मात्र कुठलेच मानक वाचत नाही. खारी हवा जस्तावर तुटून पडते, आणि छपरावर उघडा पडलेला डक्ट इतर ठिकाणांपेक्षा लवकर तांबूस होतो. फिटर म्हणाला, "इथे आमचे काम कधी संपत नाय." त्याच्या आवाजात तक्रार नव्हती.

१९७७ साली पॅरिसला पाँपिडू सेंटर उघडले आणि डक्टचे नशीब पालटले. रेंझो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांनी सगळ्या नळ्या इमारतीच्या बाहेर काढल्या आणि रंगवल्या. हवेच्या निळ्या, पाण्याच्या हिरव्या, विजेच्या पिवळ्या. लोक आधी खवळले, मग फोटो काढू लागले. त्या नळ्यांचे वंशज आज मोरजीच्या कॅफेत दिसतात. गोल, चकचकीत, मळसूत्री शिवण असलेले स्पायरल डक्ट छताखाली मुद्दाम उघडे ठेवलेले असतात. रशियन पाहुणे त्यांच्याखाली बसून नाचणीचा पॅनकेक खातात. एका ठिकाणी तर मला संशय आला की त्या नळीतून हवा येतच नाही, ती फक्त शोभेला आहे. वर्षानुवर्षे लपून काम केलेल्या वस्तूला एवढा मान मिळाल्यावर काम सोडावेसे वाटले असेल तर तिचे काही चुकले नाही.

याच्या अगदी उलटी वाट एका गोवेकराने काढली. मूळच्या गोव्याच्या चार्ल्स कोरियांनी १९६१-६२ मध्ये अहमदाबादेत एक लांबट अरुंद घर बांधले. छप्पर उतरते, गरम हवा त्याच्या कडेने वर चढते, वरच्या फटीतून निघून जाते, आणि तिच्या जागी खालून गार हवा शिरते. नळी आणून घरात बसवली नाही, घरच नळी केले. पणजीची कला अकादमी त्यांचीच. तिच्या उघड्या पडवीतून मांडवीचा वारा तिकीट न काढता नाटकाला येतो. पेडण्यातल्या जुन्या वाड्यांचे राजांगण हेच काम करते. फक्त त्यावर कुणी प्रबंध लिहिलेला नाही.

आता जे चालले आहे ते मला डक्टपेक्षाही विचित्र वाटते. डक्ट निदान बाहेरची ताजी हवा आत आणू शकतो. भिंतीवरचा स्प्लिट एसी ते करत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार करतो आणि तुमच्यावर परत सोडतो. मोपाच्या मनोहर विमानतळावर २०२३ पासून विमाने उतरू लागली, तशी पेडणे तालुक्यात खोल्यांची संख्या वाढते आहे. त्यांतल्या पुष्कळ खोल्यांत पाहुणा रात्रभर आपलाच श्वास पुन्हा पुन्हा भाड्याने घेतो. म्हणून मोरजीला येणाऱ्यांना एक विनंती. खोली घेताना एसी आहे का हे अवश्य विचारा, पण त्याआधी खिडकी उघडते का ते विचारा. उघडत नसेल तर ताजी हवा कुठून येते ते विचारा. मॅनेजर गोंधळून छताकडे बघू लागला, तर पुढच्या हॉटेलात जा. गावात हॉटेलांची कमतरता नाही.