उपकारस्तुतीची वही

ख्रिस्ती घरात जन्मलेल्याला आभार मानायला वेगळे शिकावे लागत नाही. जेवणाआधी प्रार्थना असतेच. आमच्या आजोबांच्या प्रार्थनेत तर आजारी, प्रवासी, विधवा, राज्यकर्ते आणि दूरचे नातेवाईक सगळे क्रमाने हजेरी लावून जात. तोवर रविवारच्या मटणावर चरबी धरलेली असे. त्यामुळे 'आमेन' हा शब्द मी लहानपणापासून अगदी मनापासून म्हणत आलो आहे. त्याआधीच्या शब्दांची खात्री देता येत नाही.

निवृत्त झाल्यावर मात्र ही सवय शिस्तीत लावायची लहर आली. पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात सांगून ठेवले आहे की परिस्थिती कशीही असो, उपकारस्तुती करा. पौलाला ते शोभते. फिलिप्पैच्या तुरुंगात, फटके खाऊन, पाय खोड्यात अडकवलेले असताना तो आणि सीला मध्यरात्री देवाची गीते गात होते. मला फटके नव्हते, खोडा नव्हता, वर पेन्शन होती. म्हटले, जमेल. जाडजूड वही आणली आणि पहिल्या पानावर शाळेतल्या अक्षरात 'उपकारस्तुती' लिहिले.

सूर्य, पाऊस, आरोग्य, नातवंडे असे करत आठवडाभरात सृष्टी संपली. मग मदतीला १३६ वे स्तोत्र काढले. त्यात २६ वचने आणि प्रत्येकात देवाच्या दयेचा गजर. पण स्तोत्रकर्ता आकाश-पृथ्वीवरून थेट तांबड्या समुद्रावर आणि बाशानचा राजा ओग याच्यावर जातो. माझ्या आयुष्यात समुद्र दुभंगला नव्हता आणि ओगही कधी भेटला नव्हता. होते ते शेजारचे मास्तर. तेव्हापासून वही भराभर भरू लागली.

मध्येच कुणीतरी कोरी टेन बूम यांचे पुस्तक वाचायला दिले. १९४४ साली ही डच बाई आणि तिची बहीण बेट्सी नाझींच्या राव्हेन्सब्रुक छावणीत होत्या. त्यांच्या बराकीत पिसवांचा सुळसुळाट. बेट्सीने त्या पिसवांबद्दलही देवाचे आभार मानले, तेव्हा कोरीला ते अतीच वाटले. पुढे कळले की पिसवांच्या भीतीने पहारेकरी बराकीत पाऊल टाकत नाहीत, म्हणून तर तिथे बायबल वाचता येते! मी भारावून गेलो आणि त्याच रात्री डासांबद्दल आभार लिहिले. बायको डोकावून म्हणाली, "अहो, त्या बायांनी पिसवा पाळल्या नव्हत्या. तुमचे डास तुमच्या कुंडीखालच्या बशीत जन्मलेत. आधी पाणी फेका, मग आभार माना." स्त्रियांना आध्यात्मिक उंची सहन होत नाही, असे तेव्हा मला वाटले.

पुढच्याच आठवड्यात कॉटेज प्रार्थना आमच्या घरी होती. पाळकसाहेबांनी विचारले, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" मी विनयाने मान खाली घातली. एवढ्यात बायकोने वहीच आणून त्यांच्या हातात दिली. "हे रोज लिहितात." साहेबांनी कौतुकाने मधलेच पान उघडले आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "हंगामाच्या सणाच्या लिलावात मास्तरांचा भोपळा माझ्या पपईपेक्षा स्वस्तात गेला. प्रभू, तुझे उपकार. मास्तरांची गाडी पुन्हा गॅरेजात, आमची स्कूटर एका किकमध्ये सुरू. तुझे उपकार. चर्चच्या कमिटीच्या निवडणुकीत मास्तर पडले. विशेष उपकार."

मास्तर पंख्याखाली, माझ्यासमोर बसले होते.

साहेबांनी वही मिटली आणि लूकचा अठरावा अध्याय काढला. तो परूशी आणि जकातदाराचा दाखला मी शेकडो वेळा ऐकला असेन, पण परूशाची प्रार्थना ही सगळीच्या सगळी उपकारस्तुती आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदा डोक्यात शिरले. तो देवाकडे काही म्हणजे काही मागत नाही. आपण इतरांसारखे नाही, विशेषतः त्या तिथे उभ्या असलेल्या जकातदारासारखे नाही, याबद्दल तो आभार मानतो. वर आठवड्यातले दोन उपास आणि दशांश ऐकवतो. माझ्याकडे उपासही नव्हते. आणि नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार, ज्याने आभाराचा एक शब्दही काढलेला नसतो!

चहाच्या वेळी मास्तर जवळ आले. "निवडणुकीला पुन्हा उभा राहतोय," ते म्हणाले, "एक पान राखून ठेवा." आणि बशीतला शेवटचा केक उचलून निघून गेले.

रात्री बायकोला जाब विचारला, तर म्हणते, "मला काय माहीत आत काय लिहिलंय?" या घरात तिने न वाचलेला माझा एकही कागद नाही.

मास्तरांना वगळून लिहायला बसलो, तर दिवसाला एक ओळ निघते, तीही बहुधा चहाबद्दल. तरी सवय चांगली आहे, वाचकहो, तुम्हीही जरूर लावून घ्या. फक्त वही ठेवण्यासारखी सुरक्षित जागा घरात सापडली, तर मला तेवढी कळवा.