भावोजींचा एक तास

तुमच्याही नात्यात असे एक असतीलच: सहलीला निघण्याआधीच परतीची वेळ ठरवून बसलेले. आमचे भावोजी कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला राहतात. डिसेंबरच्या सुट्टीत त्यांनी आम्हाला स्वतःच्या गाडीतून ग्रँड कॅन्यन दाखवायला नेलं. समोर मैलभर खोल दरी, उतरतं ऊन, सगळ्यांची वाचा बसलेली. भावोजी म्हणाले, "उद्या पहाटे पाचला निघालो तर ट्रॅफिक लागणार नाही."

पाचला निघालो. किंगमनला टाकी गळ्यापर्यंत भरली, कारण कॅलिफोर्नियात पेट्रोल महाग. पण भावोजींचा खरा डोळा होता कोलोरॅडो नदीवर. टोपॉकचा पूल ओलांडला की अ‍ॅरिझोना संपतं आणि हिवाळ्यात घड्याळ एक तास मागे येतं. पुलावर त्यांनी डॅशबोर्डवर टिचकी मारली. "घ्या! एक तास वाचवला." पृथ्वी फिरते याचं श्रेय इतक्या सहज खिशात घालणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

"अहो, जाताना हाच तास गेला होता ना?" ताईने विचारलं.

"जाताना सुट्टी होती. सुट्टीतले तास धरत नाहीत."

नीडल्सजवळ कॅलिफोर्नियाचा शेती-तपासणी नाका लागतो. ताईजवळ फिनिक्सच्या मैत्रिणीने दिलेला परसातला कढीपत्ता होता. हे झाड लिंबू-संत्र्याच्या कुळातलं. त्याच्यावर पोसणारी कीड संत्र्याच्या बागा संपवणारा रोग पसरवते. ताईने प्रामाणिकपणे पुडी पुढे केली आणि त्याशिवाय पोहे कसे होत नाहीत तेही सांगितलं. इन्स्पेक्टरने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुडी ठेवून घेतली. "हरकत नाही," भावोजी म्हणाले, "आपल्याकडे तास आहे."

नीडल्स ते बारस्टो जवळजवळ दीडशे मैल. मोहावीचं वाळवंट, खुरटी झुडपं, मधूनच काळा लाव्हा. लडलोला चहा घेतला, तो तासातून. धाकट्याला बाथरूम, तेही तासातून. दशम्यांचा डबा डिकीत तळाशी गेला होता, तो उपसून काढला, तासातून. सोसायटीच्या सिंकिंग फंडासारखा तो तास झाला होता: खर्च सगळा त्यातूनच, शिल्लक किती ते सेक्रेटरीलाच ठाऊक. माझ्या हिशेबाने त्यातून दीड तास केव्हाच उडाला होता.

लडलोच्या पुढे रस्त्याकडेला एक जुनी व्हॅन दिसली. टायर बसलेला, शेजारी एक आजी आणि दोन पोरं. फोनला रेंज नाही. भावोजींनी एक शब्द न बोलता गाडी बाजूला घेतली. चाकाचा एक नट गंजून बसला होता. नवीन जॅकेटसकट ते वाळूत आडवे झाले, पान्यावर पाय देऊन उभे राहिले, आजीशी मोडक्या स्पॅनिशमध्ये बोलले. बराच वेळ गेला. निघताना आमचं अर्धं पाणी आणि उरलेल्या दशम्या व्हॅनमध्ये गेल्या.

"संपला तुमचा तास," ताई म्हणाली.

"असू दे. वाचवला कशाला होता मग?" ताईच्या ओढणीला हात पुसत ते म्हणाले. ओढणी नवी होती. ताई काही बोलली नाही.

या माणसाबद्दल मला प्रेम वाटू लागलंय असं लक्षात येतं न येतं तोच तेहाचापी आलं. तिथे 1876 साली बांधलेलं रेल्वेचं एक वेटोळं आहे. लांब मालगाडी असली तर ती स्वतःच्याच शेपटीवरून जाते. मुलांनी खूप विनवण्या केल्या. "युट्यूबवर बघा," भावोजी म्हणाले आणि ॲक्सिलरेटर दाबला.

मार्चमध्ये कॅलिफोर्नियाचं घड्याळ एक तास पुढे जातं. अ‍ॅरिझोना बहुतेक ठिकाणी आपलं घड्याळ हलवत नाही, म्हणून उन्हाळ्यात ती नदी ओलांडून काहीही मिळत नाही. आमची पुढची सहलसुद्धा डिसेंबरातच आहे.