पावसाळा सोडून कधीही या

थंडीच्या मुलखात घराला ‘थ्री सीझन पोर्च’ जोडतात म्हणे. वर छप्पर, बाजूंना जाळ्या नाहीतर काचा, आणि हिवाळा सोडून वर्षभर तिथे बसायचं. आमच्या इंटिरियर डिझायनर बाईंनी हे सांगितलं, तेव्हा मी मनात हिशेब केला. आपल्याकडे ऋतू मोजून तीन, म्हणजे बाराही महिने वसूल! मळवलीजवळच्या आमच्या ‘वीकेंड होम’ला पडवी जोडायचं ठरलं ते असं.

हिशेब एवढाच चुकला, की इकडे बंगला बांधतात तो पावसासाठी, आणि पडवी निकामी होते ती नेमकी पावसात. पुण्यात वर्षाकाठी ७०० ते ७५० मिलिमीटर पडतो. लोणावळ्याला त्याच्या पाच-सहा पट, आणि तोही आडवा. कोथरूडच्या गॅलरीत बसून आपण पाऊस बघतो. इथे पाऊस आपल्याला बघायला आत येतो, आणि पाहुण्यासारखा चार महिने मुक्काम ठोकतो.

वेताच्या खुर्च्यांवर पांढरी लव आली, ती मला आधी फिनिश वाटली. झोपाळ्यावरची गादी सौ.ने पिळली तर अर्धी बादली भरली आणि बादलीत एक बेडकाचं पिल्लू निघालं. झोपाळ्याच्या कड्यांचा गंज माझ्या पांढऱ्या लेंग्यावर कायमचा उमटला आहे. लोणावळ्यात १९४५ पासून नौदलाचं ‘आयएनएस शिवाजी’ आहे. समुद्र नसलेल्या डोंगरावर नौदल कशाला, हे कोडं मला पहिल्याच जुलैत सुटलं.

समोरच कार्ल्याची लेणी. तिथल्या चैत्यगृहाच्या व्हरांड्यात वैजयंतीच्या भूतपाल शेठजींनी कोरून ठेवलंय, की जंबुद्वीपात याहून उत्तम शैलगृह नाही. बिल्डरच्या जाहिरातीचा आमच्या तालुक्यातला हा आद्य नमुना असावा. पण शेठजींचं काम खणखणीत. आतल्या छताच्या लाकडी फासळ्या दोन हजार वर्षं टिकून आहेत. आमचं ‘वेदरप्रूफ’ टेबल नागपंचमीपर्यंत टिकलं.

मग पडवी झाकायला सुरुवात झाली. आधी बांबूचे पडदे लावले. ते शेजारच्या स्विमिंग पूलमध्ये सापडले. मग चेनचं जाड प्लास्टिक आलं. ते रात्रभर असं फडफडायचं, की कोणी दार वाजवतंय म्हणून मी तीनदा उठलो. शेवटी सरकत्या काचा बसवल्या आणि हवेतला ओलावा शोषणारं यंत्र आणलं. आता पडवीत पाऊस येत नाही, वारा येत नाही, धुकंही येत नाही. दिसतही नाही, कारण चार माणसं बसली की काचांवर वाफ धरते. बाई म्हणाल्या, ‘‘आता ही तुमची एक्स्ट्रा रूम झाली की!’’ त्या खोलीला पडवी हवी, असंही त्यांनी सुचवून पाहिलं.

गेल्या श्रावणात वैतागून मी बंगल्याची राखण करणाऱ्या मामांकडे चहाला गेलो. त्यांच्या घराला पडवी आहे. छप्पर इतकं खाली उतरलेलं, की वाकूनच आत शिरावं लागतं. व्ह्यू अडतो म्हणून आमचं छप्पर बाईंनी वर उचललं होतं. मामांनी पावसाच्या अंगाला सरपण भिंतीसारखं रचलं होतं, त्यावर निळी ताडपत्री. आत शेळी कोरडी, मामा कोरडे. पागोळ्या हातभर लांब पडत होत्या आणि मी दोन वर्षांत पहिल्यांदा पावसासमोर निवांत बसलो होतो.

चहाचा कप खाली ठेवून मामांनी जरा चाचरतच विचारलं, ‘‘साहेब, तुमच्या त्या काचंच्या खोलीत हवा सुकवायचं मशीन हाय ना?’’

‘‘आहे की.’’

‘‘मग सोमवार ते शुक्रवार थोडं सरपण ठेवू का तिथं? लई ओलं हाय या टायमाला.’’