काटकसरीचा आदर्श

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर ४४ अब्ज डॉलर मोजून ट्विटर घेतल्यावर इलॉन मस्क काटकसरीला लागले, हे योग्यच झाले. आठवडाभराने जवळपास निम्मी माणसे घरी गेली. मग नजर मायक्रोसर्व्हिसेसवर, म्हणजे ट्विटर चालवणाऱ्या छोट्या-छोट्या सॉफ्टवेअर-सेवांवर पडली: वीस टक्केही लागत नाहीत, बाकीच्या बंद! ॲप मंद का चालते, याचे मालकांचे निदान चुकीचे आहे असे चारचौघांत म्हणणाऱ्या अभियंत्याला नारळ मिळाला आणि निदान तत्काळ बरोबर ठरले. त्याच दिवशी अनेकांना लॉगिनचा एसएमएस कोड येईना. सुरक्षा असावी तर अशी. खुद्द खातेदारालाही आत प्रवेश नाही! आता वापरणारेही कमी करावेत, म्हणजे सर्व्हर कधीच अडखळणार नाही. जाहिरातदारांनी तर कुणी न सांगताच कमी व्हायला सुरुवात केली होती.