लाल डोळ्यांचे काका

प्रत्येक घराण्यात एक फोटोवाले काका असतात. पैसे घेऊन फोटो काढणारा तो वेगळा. तो मांडवात मालकासारखा वावरतो आणि भटजींनाही 'थांबा, हार परत घालू दे' असं दरडावतो. काका त्याच्या मागे खुर्चीवर उभे असतात. गळ्यात कॅमेरा, खिशात पेन्सिल सेल. त्यांना कोणी सांगितलेलं नसतं आणि कोणी थांबवूही शकत नाही, कारण ते नवरीचे सख्खे काका असतात.

आमच्या काकांची कीर्ती एकाच गोष्टीसाठी होती. त्यांच्या फोटोत सगळ्यांचे डोळे लाल यायचे. नवरा, नवरी, करवल्या, दोन्हीकडच्या विहिणी, सगळे इतक्या रागाने बघायचे की लग्न मोडल्यावर काढलेला फोटो वाटावा. छत्तिसाचा रोल धुऊन आला की आजी पाकीट उघडायच्या आधी मीठमोहऱ्या मागवायची. गणपतीचे फोटो तेवढे झकास यायचे. "देव हलत नाही, डोळे मिटत नाही आणि त्याच्या डोळ्यांत रक्त नाही," काका म्हणायचे.

यातला शेवटचा तुकडा शास्त्राला धरून होता. काकांनी आपल्या अपयशाचा अभ्यास केला होता, आणि दिवे गेले की आम्हा पोरांना तो ऐकावा लागे. अंधारात डोळ्यातली बाहुली मोठी होते, तरुण माणसाची तर सात-आठ मिलिमीटरपर्यंत. अशा सताड उघड्या दारातून फ्लॅशचा उजेड आत घुसतो, दृष्टिपटलामागच्या रक्ताने भरलेल्या थरावर आपटतो आणि लाल होऊन आल्या वाटेने परत फिरतो. त्या वाटेवरच कॅमेऱ्याची काच असली की झालं. "बाहुली मिटत का नाही मग?" आम्ही विचारायचो. "मिटते ना! पण मिटायला सुरुवात करायलाच तिला पाव सेकंद लागतो, आणि फ्लॅश हजाराव्या हिश्श्यात आटोपलेला असतो. पाहुणे निघून गेल्यावर दार लावण्यासारखं आहे ते." मग ते टॉर्च आपल्या नाकाला टेकवून कोपऱ्यातल्या मांजराकडे रोखायचे. मांजराचे डोळे हिरवे चमकायचे. "तिच्या डोळ्यांत मागे आरसा आहे. आपल्याकडे तो नाही, म्हणून आपलं नुसतं रक्त दिसतं." मांजर निघून जायचं. आम्हाला ती सोय नव्हती.

निदान अचूक होतं. घोळ उपचारांत होता. काकांच्या छोट्या कॅमेऱ्यात फ्लॅश आणि काच यांच्यात दोन बोटांचंही अंतर नव्हतं. त्यात काकांना सगळं गोत एका फोटोत हवं असायचं, म्हणून ते मागे मागे सरकायचे. जितकं मागे जावं तितका फ्लॅश आणि काच यांच्यातला कोन बारीक होतो आणि लाली वाढते. हे त्यांना माहीत होतं. पण मावशीच्या सासरची माणसं सोडायची कशी? ती मंडळी घाऱ्या डोळ्यांची. तसल्या डोळ्यांत आत रंग कमी, म्हणून तिथे लाली सगळ्यात कडक. मावशीच्या सासरचे लोक अजून आमच्याशी जपून बोलतात.

मग काकांनी फिरत्या डोक्याचा फ्लॅश आणला. उजेड थेट तोंडावर न मारता छतावर मारायचा, तो तिथून पसरून खाली येतो, लाल डोळे येत नाहीत. उपाय शंभर टक्के खरा. फक्त पहिला प्रयोग झाला आमच्या वाड्यात, जिथलं छत म्हणजे दीडशे वर्षं चुलीचा धूर प्यालेल्या तुळया. त्यांनी उजेड पिऊन टाकला. दुसरा प्रयोग कार्यालयात, गुलाबी झालरीच्या छताखाली. डोळे काळेभोर आले, माणसं मात्र गुलाबी.

त्यानंतर माझी नेमणूक झाली. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून लांब वायरीला जोडला, आणि तो हात ताणून वर धरायचं काम मला दिलं. वायर जेमतेम हातभर, त्यामुळे काका जातील तिथे मी. सप्तपदीला आम्ही दोघंही फेऱ्यात होतो. पण खरं सांगतो, त्या लग्नातले फोटो काकांच्या आयुष्यातले सर्वोत्तम. एकही डोळा लाल नाही. पुढच्या लग्नात माझी दहावी आडवी आली.

माझ्या जागी काकांनी नवा कॅमेरा आणला. त्यात फोटोच्या आधी एक दिवा लुकलुकायचा, बाहुली आकसली की मग खरा फ्लॅश. काका ओरडून सांगायचे, "पहिला खोटा आहे! दुसरा खरा! कोणी हलू नका!" पण पंगतीची पानं मांडलेली असताना खोट्या-खऱ्याचा विवेक कोण करतो? पहिला उजेड पडला की मंडळी निघायची. त्या वर्षाच्या अल्बममध्ये आमच्या घराण्याच्या फक्त पाठी आहेत.

एवढं करून जे लाल डोळे उरत, त्यांची दुरुस्ती काका घरी करत. आधी काळ्या स्केचपेनाने. बाहुलीभर ठिपका द्यायचा, पण चकचकीत कागदावर शाई पसरायची, आणि मामांनी काजळ घातलंय असं वाटायचं. पुढे कॉम्प्युटर आला. एक बटण दाबलं की यंत्र लाल गोल ठिपके हुडकून काळे करतं, हे कळल्यावर काकांनी वहिनीच्या मंगळागौरीचे फोटो एका रात्रीत सगळे धुऊन काढले. सकाळी आजीला खुर्चीवर बसवून पडद्यावर दाखवले. आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने चष्मा पुसला आणि हंबरडाच फोडला. यंत्राने डोळे ठीक केले होते. पण कपाळावरही एक लाल गोल ठिपका होताच. पंधरा सवाष्णींची कुंकवं काकांनी एका बटणात पुसली होती.

आठ दिवस आजी त्यांच्याशी बोलली नाही. तेव्हापासून काका प्रत्येक डोळा हाताने निवडून, फोटो मोठा करून, त्यातला फक्त लाल रंग उतरवतात. बाहुलीतला उजेडाचा पांढरा ठिपका ते राखतात. तो गेला की माणूस मेल्यासारखा दिसतो, असं त्यांचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

मागच्या दिवाळीत मात्र ते भलतंच करताना दिसले. सहा महिन्यांच्या नातीला मांडीवर घेऊन सूनबाई मंद दिव्यात बसलेली, आणि काका जुना कॅमेरा काढून, समोरून, थेट डोळ्यांत फ्लॅश मारत होते. फोटो पाहिला आणि म्हणाले, "वा! दोन्ही लाल!" मला वाटलं, वय झालं. तर म्हणे मोतीबिंदूच्या तपासणीला गेले असताना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. १८५१ साली हेल्महोल्ट्झने डोळ्यात डोकावायचं जे उपकरण जगापुढे मांडलं, त्यात हीच युक्ती आहे: उजेड आणि नजर एका रेषेत आणायची. बाळं तपासताना डॉक्टर ही लालीच शोधतात. "म्हणजे मी चाळीस वर्षं तपासणी करत होतो आणि तुम्ही मला हसत होता," काकांनी मला सुनावलं.

तेव्हा आपल्या घरातल्या फोटोवाल्या काकांना जरूर हसा. पण लहान मुलाच्या फोटोत एक डोळा लाल आणि दुसरा पांढरट चमकताना दिसला, तर तो फोटो दुरुस्त करू नका. कधी नुसता कोनाचा खेळ असतो, कधी जन्मजात मोतीबिंदू, क्वचित दृष्टिपटलाचा कर्करोग. काय आहे ते घरी ठरवू नका. फोटो आणि मूल दोघांनाही घेऊन लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.